व्हिएन्नाहून ल्युब्लियानाला, सेमरिंगच्या घाटातून

व्हिएन्नाच्या मुख्य रेल्वे स्थानकात दगडाचा एक पंखवाला सिंह ठेवलेला आहे. हा व्हेनिसच्या सेंट मार्कचा सिंह. पूर्वी याच भागात जुनं दक्षिण स्थानक होतं, तिथला तो. ती इमारत पाडली, २०१४ मध्ये नव्या स्थानकाचं उद्घाटन झालं आणि सिंहाला त्यात जागा मिळाली. व्हेनिसचा सिंह ऑस्ट्रियाच्या राजधानीत कसा, याचं उत्तर रेल्वेच्या जुन्या नकाशात सापडतं: इथून गाड्या एड्रियाटिककडे जात. हाब्सबर्ग साम्राज्याची राजधानी समुद्रापासून फार लांब होती आणि तिचं मोठं बंदर होतं एड्रियाटिक किनाऱ्यावरचं त्रिएस्ते. या दोहोंना जोडणारा दक्षिण रेल्वेमार्ग तुकड्यातुकड्यांनी बांधला गेला. १८४२ मध्ये व्हिएन्नाहून निघालेले रूळ डोंगराच्या पायथ्याशी ग्लॉग्निट्सला पोचले. डोंगरापलीकडचे तुकडे आधीच तयार होत होते; १८४९ मध्ये ल्युब्लियानापर्यंत गाडी गेली. १८५४ मध्ये मधला डोंगर ओलांडला आणि १८५७ मध्ये गाडी त्रिएस्तेला समुद्राशी जाऊन उभी राहिली. पुढे १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि ऑस्ट्रियन लॉइड कंपनीच्या बोटी त्रिएस्तेहून मुंबईला येऊ लागल्या. मुंबईत बोटीवर चढलेला प्रवासी याच रुळांवरून थेट व्हिएन्नात उतरू शकत होता.

आम्हा दोघांना या मार्गाकडे खेचलं ते मधल्या डोंगरानं. ह्यांची बरीचशी नोकरी मध्य रेल्वेच्या बांधकाम खात्यात, कर्जत-लोणावळा घाटात गेली. जगातला पहिला मोठा रेल्वे घाट ऑस्ट्रियात आहे, तो बघायचा, हे त्यांच्या मनात कित्येक वर्षं होतं. माझ्या यादीत व्हिएन्नातली चित्रं होती आणि ल्युब्लियानातले पूल. कागदावर मांडल्यावर लक्षात आलं की दोन्ही याद्या एकाच रुळावर येतात. व्हिएन्ना ते ल्युब्लियाना थेट दिवसाची गाडी आहे, तिचं नाव ‘एमोना’. ल्युब्लियानाच्या जागी रोमन काळात जे गाव होतं त्याचं हे नाव. अंतर साडेचारशे किलोमीटरच्या आतलं, पण गाडी सहा तास घेते. शेंगेन व्हिसा एकच, चलन दोन्हीकडे युरो. व्हिसाचा अर्ज मात्र ज्या देशात जास्त रात्री मुक्काम असेल त्याच्याकडे करायचा. आमचा मुक्काम व्हिएन्नात जास्त, म्हणून ऑस्ट्रियाकडे केला. ऑस्ट्रियन रेल्वेची सवलतीची तिकिटं आधी काढली तर बरीच स्वस्त पडतात. जागेचं आरक्षण वेगळं घ्यावं लागतं, पैसे थोडेच असतात, ते जरूर घ्यावं.

व्हिएन्नातल्या प्रत्येक राजवाड्याचं वर्णन मी करणार नाही. शोनब्रुनमध्ये १४४१ खोल्या आहेत आणि त्यांतल्या थोड्या पाहायला मिळतात. गर्दीत त्या पाहण्यापेक्षा मागची टेकडी चढून बागेतून वाड्याकडे बघणं मला अधिक आवडलं. शहराभोवतालचा तट सम्राट फ्रान्झ योझेफच्या १८५७च्या हुकुमानं पाडला आणि त्या मोकळ्या पट्ट्यात रिंगश्ट्रासे हा रुंद रस्ता झाला. ट्रामनं तो रस्ता फिरलं की ऑपेरा, संसद, नगरभवन, विद्यापीठ सगळं ओळीनं दिसतं. त्यासाठी पर्यटकांच्या वेगळ्या बसची गरज नाही. चोवीस तासांचं किंवा त्याहून जास्त मुदतीचं तिकीट घ्यावं, एकदा यंत्रात शिक्का मारावा आणि ट्राम, मेट्रो, बस काहीही वापरावं.

कलेतिहास संग्रहालयाला मात्र निदान अर्धा दिवस द्यायलाच हवा. पीटर ब्रॉइगेल या फ्लेमिश चित्रकाराची सर्वांत जास्त चित्रं जगात इथं आहेत. ‘बर्फातले शिकारी’ हे १५६५ सालचं चित्र आपण छापलेलं अनेकदा पाहतो, पण समोर उभं राहिल्यावर त्यातली थंडी अंगाला लागते. तिघे शिकारी पाठमोरे परतत आहेत, कुत्री माना खाली घालून दमून चालली आहेत आणि एवढ्या वणवणीनंतर भाल्यावर लटकतो आहे एकच कोल्हा. खाली दरीत गोठलेल्या तळ्यांवर माणसं मजेत घसरत खेळताहेत. मी तिथे खिळले होते, तोवर हे पलीकडे १५६३च्या ‘बाबेलचा मनोरा’समोर गेले आणि तिथून हलेनात. त्यांनी मला जवळ बोलावून दाखवलं ते असं. मनोऱ्याच्या भिंतीवर वरून खाली दोन ओघळ आलेले आहेत, एक पांढरा, एक तांबडा. पांढरा चुन्याचा, तांबडा विटांचा. माल वर ओढताना वर्षानुवर्षं जी पूड सांडते तिचे हे ओघळ. “हा माणूस साइटवर उभा राहिलेला आहे,” हे म्हणाले. “हे कुणी सांगून कळत नाही.” चित्रात माणसांच्या पायांनी फिरणारी चाकाची यारी आहे, गवंड्यांच्या झोपड्या आहेत, अर्धवट कमानींखालचे लाकडी आधार आहेत. पुढे घाटात कमानी पाहताना हे चित्र आम्हाला पुन्हा पुन्हा आठवलं.

संध्याकाळी ऑपेरात उभं राहून ऐकायची सोय आहे. १८६९ सालच्या त्या थोर इमारतीत उभ्याची तिकिटं स्वस्तात मिळतात. आपल्या जागेच्या कठड्याला रुमाल बांधायचा, म्हणजे ती जागा आपली. मी ओढणी बांधली. शेजारच्या आजी पिशवीतून स्वरलिपीचं पुस्तक काढून पानं उलटत ऐकत होत्या. महागड्या खुर्च्यांपेक्षा या उभ्या लोकांतच खरे जाणकार असतात, असं तिथं दोन तास काढल्यावर माझं ठाम मत झालं.

आता पाण्याबद्दल. व्हिएन्नाच्या कॉफीगृहांत कॉफीबरोबर छोट्या तबकात पाण्याचा पेला येतो, त्यावर चमचा आडवा ठेवलेला असतो. पेला रिकामा झाला की न मागता दुसरा येतो. हे पाणी नळाचं असतं आणि त्याची चव खरोखर झऱ्याची असते, कारण ते झऱ्याचंच आहे. एकोणिसाव्या शतकात विहिरींच्या आणि नदीच्या दूषित पाण्यानं शहरात विषमज्वर आणि पटकी यांचं थैमान असे. एडुआर्ड झ्यूस या भूगर्भशास्त्रज्ञानं आग्रह धरला की पाणी आल्प्समधून आणायचं. राक्स आणि श्नेबेर्ग या डोंगरांतल्या झऱ्यांचं पाणी बांधीव पाटानं, नुसत्या उतारानं, पंपाशिवाय शहरात आणलं गेलं आणि १८७३ मध्ये श्वार्त्सेनबेर्ग चौकातलं उंच कारंजं उडवून त्याचं उद्घाटन झालं. दुसरा पाट १९१० मध्ये आला. आजही शहर हेच पाणी पितं. ज्या डोंगरातून हे पाणी निघतं, त्याच डोंगराच्या कुशीतून आमची गाडी जायची होती.

पण गाडीत बसण्याआधी आम्ही एक गोष्ट केली, आणि हा मार्ग निवडणाऱ्या प्रत्येकाला मी तीच सुचवेन. व्हिएन्नात मुक्काम असतानाच एक दिवस काढून सेमरिंगला गेलो आणि घाट पायी पाहिला. गाडीत बसलेल्या माणसाला पूल दिसत नाही, पुलावरून पलीकडचं दिसतं. ज्यावरून आपण चाललो आहोत ते काय आहे, हे आधी बाहेरून पाहिलेलं असावं.

सेमरिंग स्थानक समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटरवर आहे. फलाटाजवळ हा मार्ग बांधणाऱ्या कार्ल फॉन गेगाचं स्मारक आहे. १८०२ मध्ये व्हेनिसमध्ये जन्मलेला हा अल्बेनियन वंशाचा अभियंता. डोंगरी रेल्वेचा अभ्यास करायला तो १८४२ मध्ये अमेरिकेला जाऊन आला होता. स्थानकातून रेल्वेच्या कडेकडेनं जाणारी पायवाट आखलेली आहे आणि जागोजागी पाट्या आहेत. सूचिपर्णी झाडांतून तासाभराची चाल. सप्टेंबरचा महिना, ऊन कोवळं, वाटेवर सुया पडून मऊ झालेली माती. मग झाडी उघडते आणि समोर येतो काल्टे रिने पूल. ऑस्ट्रियाच्या जुन्या वीस शिलिंगच्या नोटेच्या एका बाजूला गेगा आणि दुसऱ्या बाजूला सेमरिंगचा पूल होता, म्हणून या जागेला लोक ‘वीस शिलिंगचा देखावा’ म्हणतात.

पूल दुमजली आहे. खाली पाच कमानी, त्यांवर दहा. लांबी १८४ मीटर, उंची ४६ मीटर. आणि तो सरळ नाही, सबंध पूल वळणावर आहे. मागे पोलेरोसवांड हा उभा पांढरट कडा, त्यात शिरणारा बोगदा, आणि त्यामागे राक्सचा सपाट माथा. लाल रंगाची प्रवासी गाडी आली, पुलाच्या वाकाबरोबर वाकली आणि कड्यात गेली. मग मालगाडी आली. तिच्या पुढे इंजिन होतं आणि मागूनही एक इंजिन ढकलत होतं. “बँकर!” हे एकदम मोठ्यानं म्हणाले. कर्जतला गाडीच्या मागे लावतात तीच इंजिनं. ह्यांच्या चेहऱ्यावर घरचं माणूस भेटल्याचा आनंद होता.

पुलावरचा चढ किती आणि वळण किती हे समजावून घेताना ह्यांनी मला पायवाटेवरच एक गणित सांगितलं. पायथ्याचं ग्लॉग्निट्स ते पलीकडचं म्युर्त्सूशलाग हे अंतर पक्ष्याच्या वाटेनं २१ किलोमीटर आहे, रेल्वेनं ४१. गाडीचं लोखंडी चाक लोखंडी रुळावर नुसत्या वजनानं चिकटून चढतं, त्यामुळे चढ एका मर्यादेबाहेर गेला की चाक जागच्या जागी फिरतं. चढ मर्यादेत ठेवायचा तर वाट लांबवावी लागते. म्हणून रूळ प्रत्येक ओहोळाच्या आत शिरतात, वळसा घालतात, पुन्हा डोंगराच्या नाकावर येतात. सेमरिंगचा सर्वांत कडक चढ हजारी २८, म्हणजे छत्तीस मीटरला एक मीटर. आपल्या बोरघाटाचा सदतीसला एक. सेमरिंग १८५४ मध्ये पुरा झाला, बोरघाट १८६३ मध्ये. नऊच वर्षांचं अंतर. दोन्हीकडे सुरुंगाला नुसती काळी दारू होती, कारण डायनामाइट १८६७ मध्ये आलं.

गेगाचं धाडस आणखी एका गोष्टीत होतं. १८४८ मध्ये काम सुरू झालं तेव्हा एवढा चढ चढू शकणारं इंजिन अस्तित्वातच नव्हतं. दोरखंडानं गाड्या ओढा, असं अनेकांचं म्हणणं होतं. गेगा म्हणाला की रूळ बांधून होईतो इंजिनं येतील. १८५१ मध्ये याच मार्गाच्या एका तुकड्यावर इंजिनांची स्पर्धा लावली गेली. चार इंजिनं उतरली, चारही चढली, ‘बाव्हारिया’ पहिलं आलं. रोजच्या कामाला मात्र त्यातलं एकही टिकलं नाही, आणि एंगर्थ या अभियंत्यानं त्या चौघांच्या अनुभवावरून नवं इंजिन आखलं. १८४८ हे युरोपात क्रांतीचं वर्ष. व्हिएन्नात बेकार माणसं रस्त्यावर होती आणि त्यांना काम देऊन शहराबाहेर काढण्याची सरकारला घाई होती, म्हणून मंजुरी लवकर मिळाली. सुमारे वीस हजार माणसं या घाटात राबली आणि प्रलापक ज्वरानं आणि पटकीनं त्यांतली शेकडो इथंच मेली. बोरघाटात पटकीनं गेलेल्यांची संख्या हजारांत आहे. तिथला ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल मुंबईत पोचून थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची बायको ॲलिस हिनं ठेका पुढे चालवून काम पुरं केलं. ह्यांनी हे नाव घेतलं की मला नेहमी वाटतं, खंडाळ्याच्या घाटात तिच्या नावाचं काहीतरी मोठं असायला हवं.

सेमरिंगवर सोळा मोठे पूल, डझनाहून अधिक बोगदे आणि शंभरावर छोटे दगडी कमानपूल आहेत. गेगानं मोठ्या पुलांसाठी लोखंड वापरलं नाही, दगड आणि वीट यांवरच विश्वास ठेवला. त्याच बांधकामावरून आज विजेच्या जड गाड्या जातात. १९९८ मध्ये हा मार्ग जागतिक वारसा यादीत आला. खालून आता २७ किलोमीटरचा नवा बोगदा तयार होतो आहे. २०३० मध्ये तो सुरू करायचा बेत आहे, आणि तसं झालं की जलद गाड्या डोंगराच्या पोटातून काही मिनिटांत निघून जातील. जुना मार्ग राहणार आहे, पण एका राजधानीहून दुसऱ्या राजधानीला जाताना सहज, त्याच तिकिटात घाट दिसण्याचे दिवस थोडे उरले आहेत. ज्यांना जायचं आहे त्यांनी त्याआधी जावं.

एमोना सकाळी निघते. पहिला तासभर सपाट, द्राक्षमळे आणि उपनगरं. ग्लॉग्निट्स मागे पडलं की गाडीचा वेग एकदम उतरतो, आणि हीच खूण. पायरबाखला श्वार्त्सा नदीवरचा लांब पूल ओलांडून रूळ दरीत अर्धवर्तुळ घेतात आणि गाडी दुसऱ्या काठानं, आलेल्या दिशेलाच तोंड करून चढू लागते. थोड्या वेळापूर्वी ज्या रुळांवर होतो ते आता खाली दिसतात. याच श्वार्त्साच्या वरच्या अंगाला, दरीत, व्हिएन्नाच्या पाण्याचे झरे आहेत. मी बाटलीत स्थानकावरचं पाणी भरून घेतलं होतं. ते ज्या डोंगरातून आलं तो डोंगर खिडकीत होता. देखावा कधी डावीकडे, कधी उजवीकडे येतो. डबा रिकामा असल्यानं आम्ही खिडक्या बदलत राहिलो. काल्टे रिने पूल आला तेव्हा पलीकडच्या उतारावर, परवा आम्ही जिथं उभे होतो त्या कठड्यापाशी, कुणी दोघं गाडीकडे बघत हात हलवत होती.

शिखराचा बोगदा संपला की म्युर्त्सूशलाग. संगीतकार ब्राम्सनं १८८४ आणि १८८५चे उन्हाळे इथं काढले आणि आपली चौथी सिंफनी इथं लिहिली. त्याचं संग्रहालय गावात आहे, दक्षिण रेल्वेचंही आहे. इथून ब्रुकपर्यंत म्युर्त्स नदी आणि पुढे मूर नदी गाडीच्या सोबतीला असते. ग्रात्स हे ऑस्ट्रियाचं दुसऱ्या क्रमांकाचं शहर, पण गाडीतून त्याचं फारसं काही दिसत नाही. ग्रात्सनंतर मात्र शेतं बघावीत. जमिनीवर पिवळे-केशरी भोपळे लोळत पडलेले असतात. हे भोपळे भाजीचे नाहीत, बियांसाठीचे. त्या बियांपासून गर्द हिरवं, जवळजवळ काळं दिसणारं तेल काढतात आणि ते कोशिंबिरीवर घालतात. खमंग असतं, आणि शाकाहारी माणसाला या भागात त्याचा मोठा आधार आहे.

स्पीलफेल्डला ऑस्ट्रिया संपतो. १९१८ पर्यंत ही सरहद्द नव्हती, सगळा मार्ग एकाच राज्यात होता. मग युगोस्लाव्हिया आला आणि १९९१ मध्ये स्लोव्हेनिया स्वतंत्र झाला. आता सरहद्द ओळखायची ती विजेवरून. ऑस्ट्रियाच्या तारेत १५ हजार व्होल्टची प्रत्यावर्ती वीज आहे, स्लोव्हेनियाच्या तारेत ३ हजारांची एकदिश. जाताना आमच्याकडे कुणी काही मागितलं नाही, पण परतताना इथं पोलिस पारपत्र पाहू शकतात, म्हणून ते हाताशी असावं.

मारिबोरला द्रावा नदी ओलांडली. या गावात चारशे वर्षांहून जुनी द्राक्षवेल अजून फळते. त्सेल्येनंतर साविन्या नदीची दरी अरुंद होत जाते आणि झिदानी मोस्त या जागी ती सावा नदीला मिळते. इथून ल्युब्लियानापर्यंत गाडी सावेच्या काठानं, प्रवाहाच्या उलट जाते. हा पट्टा कोळशाच्या खाणींचा. त्रबोव्ल्येच्या बंद पडलेल्या वीजकेंद्राची ३६० मीटर उंच चिमणी, युरोपातली सर्वांत उंच, खिडकीतून मान तिरकी करूनही पुरी मावत नाही. या दरीचं कौतुक पर्यटन पुस्तकांत फारसं नसतं. मला ती आवडली. या मार्गावरची इंजिनं ज्या कोळशावर चालली तो इथलाच.

ल्युब्लियाना स्थानकातून जुन्या गावात पंधरा मिनिटांत चालत जाता येतं. लोकसंख्या तीन लाखांच्या आत, गावाच्या मध्यात मोटारींना बंदी, म्हाताऱ्यांना नेण्यासाठी विजेवरच्या छोट्या फुकट गाड्या. मध्यवर्ती चौकात पुतळा आहे तो राजाचा किंवा सेनापतीचा नाही, फ्रांत्से प्रेशेरेन या कवीचा. हा कवी कायदा शिकायला व्हिएन्नाला गेला होता. त्याच्या कवितेतलं एक कडवं आज देशाचं राष्ट्रगीत आहे आणि त्याच्या स्मृतिदिनी, ८ फेब्रुवारीला, सार्वजनिक सुटी असते. १८९५ मध्ये ईस्टरच्या रात्री इथं मोठा भूकंप झाला. पडझडीनंतर शहराची नवी आखणी केली माक्स फाबियानीनं. तो व्हिएन्नात ओटो वाग्नरच्या हाताखाली काम केलेला वास्तुकार. म्हणून स्थानकाजवळच्या रस्त्यावरची घरं व्हिएन्नाच्या घरांसारखी दिसतात. १९०१ सालचा ड्रॅगन पूल त्याच काळातला, पोलादी सांगाड्याच्या काँक्रीटचा. त्या प्रकारातल्या युरोपच्या सुरुवातीच्या पुलांत तो मोडतो. हे त्याच्या खाली वाकून बघून आले.

पण हे शहर खरं घडवलं ते योझे प्लेचनिकनं. सुताराचा मुलगा, १८७२ मध्ये इथंच जन्मला, व्हिएन्नाला जाऊन वाग्नरचा शिष्य झाला. व्हिएन्नाच्या मध्यभागी, सेंट स्टीफन कॅथेड्रलपासून दोन मिनिटांवर, त्याचं ‘त्साखर्लहाउस’ उभं आहे. कीटकनाशक पावडरीच्या कारखानदारासाठी बांधलेली ही काळसर ग्रॅनाइटची इमारत आम्ही मुद्दाम शोधून पाहिली होती. वाग्नर निवृत्त होताना त्याच्या जागी प्लेचनिकचं नाव सुचवलं गेलं, पण युवराज फ्रान्झ फर्डिनंड आडवा आला. प्लेचनिक प्रागला गेला, आणि १९२१ मध्ये कायमचा ल्युब्लियानात परतला. व्हिएन्नानं नाकारलेला माणूस या छोट्या गावाच्या वाट्याला आला, हे गावाचं भाग्य.

चौकातला तिहेरी पूल पाहावा. नदीवर १८४२ सालचा एक दगडी पूल होता, वाढत्या रहदारीला अपुरा. कुणीही तो पाडून रुंद पूल बांधला असता. प्लेचनिकनं १९२९ ते १९३२ मध्ये जुना पूल तसाच ठेवला आणि त्याच्या दोन्ही अंगांना पायी चालणाऱ्यांसाठी एकेक तिरका पूल जोडला. तिन्ही पूल चौकाच्या बाजूला पंख्यासारखे उघडतात, त्यामुळे माणूस कुठूनही आला तरी आपोआप पुलावर येतो. कठड्याचे खांब काँक्रीटचे आहेत, संगमरवराचे नाहीत. या माणसाकडे पैसे कधीच पुरेसे नव्हते. तो मोडक्या वाड्यांचे दगड वापरी, काँक्रीट घासून दगडासारखं करी. नदीकाठच्या बाजाराची लांब खांबओळ त्यानं युद्धाच्या धामधुमीत, १९४० ते १९४४ मध्ये उभी केली. सकाळी तिथं मध, चीज, वाळवलेली अळंबी विकायला असतात. तिथंच आम्ही श्त्रुक्ली खाल्ल्या. कुट्टूच्या पिठाची पातळ पोळी, आत ताजं चीज, गुंडाळी करून उकडलेली आणि वर अक्रोडाची पूड.

राष्ट्रीय ग्रंथालय हे माझ्या दृष्टीनं त्याचं सर्वोत्तम काम. १९३६ ते १९४१ मध्ये बांधलेलं. बाहेरची भिंत तांबड्या विटांची आणि तिच्यातून मध्येच ओबडधोबड दगड पुढे आलेले. हे दगड भूकंपात कोसळलेल्या जुन्या वाड्याचे. दाराची मूठ घोड्याच्या डोक्याच्या आकाराची आहे, लोकांच्या हातांनी गुळगुळीत झालेली. आत शिरलो की काळोख. समोर काळ्या दगडाचा जिना, दोन्ही बाजूंना मिळून बत्तीस काळे खांब. पायऱ्या चढत जावं तसा उजेड वाढतो आणि वर, वाचनदालनात, मजल्याएवढ्या उंच खिडक्यांतून तो भरभरून येतो. अज्ञानातून ज्ञानाकडे असा त्याचा अर्थ सगळेच सांगतात, पण पायांना तो आधी कळतो. जानेवारी १९४४ मध्ये टपालाचं विमान याच दालनावर कोसळलं आणि हजारो पुस्तकं जळाली. दालन पुन्हा उभं राहिलं. ग्रंथालय वापरातलं असल्यानं आत जायच्या पर्यटकांच्या वेळा ठरलेल्या आहेत, आधी विचारून जावं. २०२१ मध्ये प्लेचनिकची ल्युब्लियानातली निवडक कामं जागतिक वारसा ठरली. त्र्नोव्हो भागातलं त्याचं राहतं घरही पाहता येतं. तिथं त्याचं टेबल, पेन्सिली, चष्मे जसेच्या तसे आहेत.

शेवटी ह्यांच्या यादीतलं एक नाव उरलं होतं, बोरोव्नित्सा. ल्युब्लियानाहून त्रिएस्तेच्या दिशेनं लोकल गाडीनं अर्ध्या तासाच्या आतलं गाव. या दक्षिण मार्गावरचा सर्वांत मोठा पूल इथं होता, १८५६ मध्ये पुरा झालेला, ५६१ मीटर लांब, ३८ मीटर उंच, तोही दुमजली. १९४१ मध्ये माघार घेणाऱ्या युगोस्लाव्ह सैन्यानं त्याचा भाग उडवला, १९४४ मध्ये दोस्तांच्या विमानांनी उरलेला पाडला. आता एक खांब शिल्लक आहे, गावातल्या घरांच्या मधोमध, अंगणांना लागून. खाली तासलेला दगड, वर वीट. ह्यांनी हातानं सांधे चाचपून पाहिले. चुना अजून घट्ट आहे. बाजूच्या घरातल्या बाई धुणं वाळत घालत होत्या. त्यांनी आमच्याकडे बघून खांबाच्या माथ्याकडे बोट दाखवलं आणि मग हाताची बोटं रुळांसारखी समांतर धरून पुढे नेली. आम्ही मान डोलावली. सेमरिंगचा पूल उभा राहिला आणि हा पडला, बांधणारे एकाच काळातले, माल तोच.

व्हिएन्नाला परतीचं तिकीटही आम्ही दिवसाच्या गाडीचंच काढलं होतं. जागा या वेळी दुसऱ्या बाजूच्या घेतल्या.